नसते उद्योग!

ऑगस्ट १९९१. हेलसिंकीतला २१ वर्षांचा लिनस टॉरवल्ड्स ‘मिनिक्स’ ही सिस्टिम वापरणाऱ्यांना कळवतो, की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय. नुसता छंद, फार मोठंबिठं काही होणार नाही. भविष्य सांगण्यात गडी साफ नापास! जगातले अव्वल पाचशे सुपरकॉम्प्युटर झाडून सारे त्याच्या लिनक्सवर चालतात, अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच, आणि २०२१मध्ये मंगळावर उडालेल्या ‘इन्जेन्युइटी’ हेलिकॉप्टरातही तेच. बारसं मात्र परस्पर उरकलं गेलं. लिनसला नाव हवं होतं ‘फ्रीक्स’. स्वतःच्या नावावरून काही ठेवणं म्हणजे शिष्टपणा, असं त्याला वाटे. सर्व्हरवर जागा देणाऱ्या आरी लेम्केला ‘फ्रीक्स’ काही रुचेना. त्याने सरळ फोल्डरला ‘लिनक्स’ म्हणून टाकलं.

‘पायथन’ही सुटीतलंच. १९८९च्या नाताळात ऑफिस बंद, म्हणून गीडो व्हॅन रॉसम घरी बसून प्रोग्रॅमिंगची एक भाषा रचू लागला. नावाचा सापाशी काडीचा संबंध नाही. ते घेतलं ‘माँटी पायथन’ या विनोदी ब्रिटिश टीव्ही मालिकेवरून.

व्हीएलसी प्लेअरवरचा तो केशरी-पांढरा रस्त्यावरचा शंकू पाहिलाय ना? पॅरिसच्या एकोल सांत्रालमधल्या पोरांच्या १९९६च्या उद्योगातून हा प्लेअर निघाला. त्या मंडळींना असे शंकू गोळा करायचा नाद होता, त्यातला एक थेट चिन्ह होऊन बसला. नाताळ आला की त्याला सांताची टोपी चढते. कुठल्या मोठ्या कंपनीच्या मीटिंगमध्ये हे मंजूर झालं असतं?

आता आमचा लाडका किस्सा. स्वीडनच्या डॅनिएल स्टेनबर्गला चॅटवरच्या मित्रांना चलनांचे दर आपोआप सांगणारा बॉट हवा होता. दर इंटरनेटवरून उचलून आणायला त्याने एका ब्राझिलियन माणसाचा छोटासा प्रोग्रॅम घेतला आणि तो वाढवत नेला. १९९८मध्ये त्याचं नाव झालं ‘कर्ल’. आज तो फोनमध्ये, टीव्हीत, गाड्यांत, कुठेही सापडतो. गंमत पुढेच आहे. फुकट वापरा, पण लायसन्सचा मजकूर सोबत ठेवा, एवढीच अट. आणि त्या मजकुरात डॅनिएलचा ईमेल पत्ता. त्यामुळे गाडीच्या स्क्रीनवर शोधाशोध करणाऱ्याला अख्ख्या गाडीत एकच माणूस सापडतो: हा! मग त्याला मेल येतात, माझा जीपीएस चालत नाही, काय करू? बिचाऱ्याने ती गाडी जन्मात पाहिलेली नसते.

लायसन्स हा वकिलांचा प्रांत, पण तिथेही फुकट सॉफ्टवेअर वाटणाऱ्या या लोकांना गप्प बसवत नाही. डेन्मार्कच्या पॉल-हेनिंग काम्पचं ‘बिअरवेअर’ लायसन्स सांगतं, की भेटलो कधी आणि काम आवडलं असलं, तर मला एक बिअर पाजा. प्रोग्रॅमर डग्लस क्रॉकफर्डने अट घातली, की हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरा, वाइटासाठी नको. तोच भाषणात सांगे, की एका बड्या कंपनीच्या वकिलांनी त्यावरून रीतसर सवलत मागितली आणि त्याने ‘तुम्हाला दुष्टपणा करायला परवानगी आहे’ असं खुशाल लिहून दिलं. ‘व्हिम’ हा एडिटर उघडला, की युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, अशी विनंती दिसते. (बाहेर कसं पडायचं ते मात्र अनेकांना सापडत नाही.)

मायकेल विडेनियस या फिनिश गृहस्थाने तर डेटाबेसांना पोटच्या पोरांची नावं दिली. मायएसक्यूएल, मॅक्सडीबी, मारियाडीबी. माय, मॅक्स आणि मारिया.

सगळी मजाच आहे असं नाही. मार्च २०१६मध्ये नावाच्या भांडणावरून चिडून एका प्रोग्रॅमरने इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवलेलं आपलं सारं सामान काढून घेतलं. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाच्या अकरा ओळी होत्या. मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरायच्या, इतकंच त्यांचं काम. तेवढ्यावर जगभरचे प्रोजेक्ट धडाधड कोसळले. निम्म्या इंटरनेटचं कुलूप असलेल्या ‘ओपनएसएसएल’ला तर २०१४च्या ‘हार्टब्लीड’ घोळाआधी वर्षाला जेमतेम २००० डॉलर देणग्या मिळत. फुकटाची सवय लवकर लागते.

आणि आपल्याकडचं एक. मुंबईच्या ‘एक टाइप’ मंडळींनी ‘बालू’ हा गुबगुबीत फाँट काढला, तोही कुणीही वापरावा असा खुला. लिपी बदलली की नातं बदलतं: गुजरातीत बालू भाई, बंगालीत बालू दा, गुरुमुखीत बालू पाजी, मल्याळममध्ये बालू चेट्टन, तमिळमध्ये बालू तंबी. देवनागरीत मात्र नुसताच बालू. मुंबईत जन्मून त्याला कुणी ‘भाऊ’ जोडलं नाही, ही आमची लेखी तक्रार समजावी.