वारशाने मिळणाऱ्या वाटा

कर्जतचा पिनकोड ४१०२०१, खालापूरचा ४१०२०२ आणि खोपोलीचा ४१०२०३. हे आकडे एकाखाली एक मांडले की पहिले पाच अंक तेच, फरक फक्त शेवटच्या अंकात असल्याचे दिसते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. पहिल्या अंकावरून देशाचा विभाग कळतो, पहिल्या तीन अंकांवरून टपालाची छाननी कोणत्या जिल्ह्यात करायची ते कळते आणि शेवटचे तीन अंक टपाल वाटणाऱ्या कार्यालयाचे असतात. म्हणजे पत्त्याचा आरंभीचा भाग वरून, वारशाने येतो. शेवट ज्याचा त्याचा.

संगणकांच्या आपसातील पत्रव्यवहारातही असेच पत्ते लागतात. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे इंटरनेटवरून काम सांगायचे, तर त्यासाठी दुसऱ्याने ठेवलेल्या सोयीला वेब एपीआय म्हणतात. अमुक पत्त्यावर विनंती आली की तमुक काम करायचे, ही नोंद म्हणजे 'राउट'. आपण तिला वाट म्हणू. ती कामे प्रोग्रॅमच्या ज्या भागात लिहिलेली असतात तो 'कंट्रोलर'.

समजा, कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील शाळा रोज सकाळी पर्जन्यमापकातील पाऊस मोजून एका संगणकाकडे कळवतात. दोन्हीकडे कामे तीच: नवी नोंद घेणे आणि जुन्या नोंदी दाखवणे. ती दोनदा लिहिली, तर एकीकडे दुरुस्त केलेली चूक दुसरीकडे तशीच राहते. (हा प्रमाद आम्हीही केलेला आहे.) म्हणून 'पाऊस' हा मूळ कंट्रोलर एकदाच लिहायचा आणि कर्जत व खालापूर हे त्याचे वारस करायचे. कामे त्यांना आपोआप मिळतात. पण वाटाही मिळाव्यात का?

मायक्रोसॉफ्टच्या वेब एपीआय २ मध्ये (२०१३) कामाच्या डोक्यावर लिहिलेली वाट वारसाकडे जात नसे. काम आहे, पण त्याला पत्ता नाही; विनंती करणाऱ्याला 'सापडले नाही' एवढेच उत्तर. २०१४ च्या २.२ आवृत्तीत हा नियम स्वतःहून बदलता येऊ लागला, आणि २०१६ च्या एएसपी डॉट नेट कोअरमध्ये वाटा वारशाने मिळू लागल्या.

तेव्हा दुसरीच अडचण उभी राहते. मूळ कंट्रोलरवर 'पाऊस/आज' असा ठाम पत्ता लिहिला, तर दोन्ही वारसांचा पत्ता एकच होतो. एएसपी डॉट नेट कोअर अशा वेळी चूक दाखवून थांबते. हे आम्हांला बरे वाटते. जँगोसारख्या व्यवस्था मात्र वाटांची यादी वरून खाली वाचतात आणि पहिली जुळेल ती घेतात. तिथे खालापूरचा पाऊस मुकाट्याने कर्जतच्या नावावर चढेल आणि कोणाला कळणारही नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अशा मुलखात पाऊस कोठे पडला हे चुकून चालत नाही.

उपाय पिनकोडसारखाच आहे. मूळ कंट्रोलरवर ठाम नावाऐवजी रिकामी जागा सोडायची: 'पाऊस/[कंट्रोलर]/आज'. चौकटी कंसात प्रत्येक वारसाचे नाव आपोआप बसते आणि 'पाऊस/कर्जत/आज' व 'पाऊस/खालापूर/आज' असे दोन वेगळे पत्ते तयार होतात. उद्या पनवेल जोडायचे झाले, तरी मूळ मजकुराला हात लावावा लागत नाही.

एक खाचखळगा मात्र ध्यानात ठेवावा. वारसाने कंट्रोलरच्या डोक्यावर स्वतःची वाट लिहिली, की मूळ कंट्रोलरच्या डोक्यावरची वाट त्याला लागू होत नाही. दोन्ही जोडल्या जातील ही अपेक्षा फोल ठरते. कामांवरच्या वाटा तेवढ्या पुढे जोडल्या जातात.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी असा प्रोग्रॅम केला, तर तपासणी सोपी आहे. कर्जतच्या पत्त्यावर ११ मिलिमीटर आणि खालापूरच्या पत्त्यावर २२ मिलिमीटर अशी नोंद पाठवावी, आणि मग दोन्ही पत्त्यांवरून ती परत मागवावी. दोन्हीकडे आकडा मुद्दाम वेगळा ठेवावा; सारखाच पाठवला, तर अदलाबदल झालेली दिसणार नाही.