हसणारे आणि हास्यविषय : अमेरिकी मूक प्रहसनपटांतील प्रतिनिधित्व

‘स्लॅपस्टिक’ हे मूळचे एका रंगसाधनाचे नाव. दोन फळ्या जोडून केलेल्या या काठीचा मार लागतो थोडा, आवाज मात्र मोठा होतो. इटलीतील ‘कोमेदिया देल्लार्ते’ या नाट्यप्रकारात ती रूढ होती. पुढे पडझड, पाठलाग आणि मारामारी यांवर उभ्या असलेल्या आंगिक विनोदालाच तिचे नाव मिळाले. मॅक सेनेट यांनी १९१२ मध्ये स्थापन केलेल्या कीस्टोन कंपनीने या विनोदाला मूकपटात लोकप्रियता मिळवून दिली. या विनोदातील मार खोटा असतो हे खरे. परंतु त्यातील अवहेलनाही खोटी असते काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

भरताने हास्यरसाच्या विभावांत विकृत वेष, अलंकार व आचार यांचा निर्देश केला आहे आणि हा रस प्रामुख्याने स्त्रिया व नीच प्रकृतीची पात्रे यांच्या ठिकाणी आढळतो, असेही म्हटले आहे. म्हणजे कशाला हसावे याबरोबरच कोणाला हसावे, हेही शास्त्राने सुचविले होते. मूकपटात शब्द नसल्यामुळे पात्राची ओळख क्षणार्धात पटवून देणे भाग होते. त्यासाठी व्हॉडव्हिल रंगभूमीवरील जर्मन, आयरिश, ज्यू व कृष्णवर्णीय माणसांचे साचे आयतेच उपलब्ध होते.

यांपैकी सर्वांत क्रूर साचा काजळी फासलेल्या चेहऱ्याचा. बर्ट विल्यम्स हा थोर विनोदी नट स्वतः कृष्णवर्णीय असूनही रंगमंचावर तोंडाला काजळी लावीत असे. १९१३ मध्ये बायोग्राफ कंपनीने त्याला प्रमुख भूमिकेत घेऊन, बहुतांशी कृष्णवर्णीय नटसंचासह, एका चित्रपटाचे चित्रण केले. मात्र तो पूर्ण होऊन प्रदर्शित झाला नाही. त्याच्या फिती न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जतन झाल्या आणि ‘लाइम किल्न क्लब फील्ड डे’ या नावाने २०१४ मध्ये लोकांसमोर आल्या. येथे काजळी केवळ विल्यम्सच्या चेहऱ्यावर आहे. त्याचे सहकलाकार आपल्या स्वाभाविक चेहऱ्यांनी नाचतात, चक्रपाळण्यात बसतात, प्रेम करतात. मुखवटा आणि माणूस एकाच चौकटीत दिसल्याने मुखवट्याचे कृत्रिमपण आपोआप उघडे पडते.

बस्टर कीटनच्या ‘कॉलेज’मध्ये (१९२७) गोरा नायक नोकरीसाठी काजळी फासून वेटर होतो. रंग पुसला जाताच स्वयंपाकघरातील कृष्णवर्णीय नोकर त्याच्या मागे लागतात. सोंग उघडे पडणे हा येथे विनोद आहे. तथापि ज्यांचे सोंग घेतले गेले, त्यांच्या वाट्याला केवळ पाठलाग करणाऱ्या जमावाचे काम येते. सोंगाची थट्टा आणि साच्याची पुनरावृत्ती एकाच प्रसंगात घडते, हे येथे ध्यानात घ्यावे.

याउलट चॅप्लिनच्या ‘द इमिग्रंट’मध्ये (१९१७) स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसताच बोटीवरील स्थलांतरितांना दोराने अडविले जाते. पुढे नायकाची लाथ अधिकाऱ्यावर बसते. लाथ तीच, पण तिची दिशा बदलल्याने हास्याचा अर्थ बदलतो. स्त्रियांच्या बाबतीतही पडद्यावरील स्थानाइतकेच पडद्यामागील स्थान महत्त्वाचे ठरते. मेबल नॉर्मंडने कीस्टोनमध्ये अभिनयाबरोबर दिग्दर्शनही केले. चॅप्लिनने भटक्याचा वेष प्रथम चढविला तो तिच्याच दिग्दर्शनाखालील १९१४ च्या एका लघुपटासाठी.

आपण विनोदमीमांसा शिकविताना ‘विसंगती’ ही संज्ञा वारंवार वापरतो. परंतु विसंगती ही नेहमी कोणत्या तरी संगतीच्या तुलनेत असते, आणि ती संगती कोणी ठरविली हे आपण सहसा विचारीत नाही. मूक प्रहसनपटांत तो प्रश्न शब्दांच्या आड दडत नाही. म्हणूनच प्रहसनाच्या अभ्यासकांनी हे चित्रपट पाहावेत आणि प्रत्येक प्रसंगी काठी कोणाच्या हाती आहे व पाठ कोणाची आहे, हे तपासून पाहावे.