शेरा मारून शाळा सुधरत नाही

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते आणि अमरावती-अकोल्याकडच्या खेड्यांत हजेरीपटावर गैरहजेरी वाढू लागते. पऱ्हाटी फुटलेली असते. आई वेचणीला गेली की तिसरी-चौथीतली पोरगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी थांबते, नाहीतर कमरेला ओटी बांधून स्वतःच वावरात उतरते. तिकडे मेळघाटातली अनेक कोरकू कुटुंबं कामासाठी मैदानी मुलखात जातात आणि होळीला परततात. पुढे चाचणी होते, निकाल खाली येतो आणि शाळेच्या नावापुढे 'अप्रगत' असा शेरा पडतो.

शाळेला जाब विचारलाच पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बहुतेक मुलांना दुसरी शाळा परवडत नाही, त्यांची वर्षं वाया घालवायचा हक्क कुणालाच नाही. पण जाब विचारून झाल्यावर मदतीला कोण येतं, यावर सारं ठरतं.

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. पायाभूत आणि संकलित चाचण्या आल्या. त्याच सुमारास साताऱ्याजवळच्या कुमठे बीटातल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. तिथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना सोबत घेऊन ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलाने करून पाहत स्वतः शिकणं, वर्गात उतरवला होता. पाहून आल्यावर मात्र अनेक ठिकाणी वर्गाच्या फरश्यांवर नुसते तक्ते रंगले, शिकवणं तेच राहिलं. नक्कल तक्त्यांची झाली. अधिकारी शिक्षकाशेजारी बसतो, ही खरी गोष्ट मागे राहिली.

नुसत्या धाकाचं काय होतं, ते अमेरिकेने पाहिलं. तिथल्या २००२ च्या कायद्याने २०१४ पर्यंत प्रत्येक मूल वाचन-गणितात प्रवीण झालं पाहिजे असं फर्मावलं आणि मागे पडणाऱ्या शाळांवर कारवाईची तरतूद केली. अटलांटा शहरात शिक्षकांनीच मुलांच्या उत्तरपत्रिका दुरुस्त केल्या. २०१५ मध्ये तिथले ११ जण न्यायालयात दोषी ठरले.

चाचणी कामाची कशी होते? 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीतला वाचनाचा कागद बघा. एका पानावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल एकेकटं समोर बसून वाचतं. पाचवीतला मुलगा शब्दांवर अडला, की त्याला पाचवीचं पुस्तक पुढे रेटण्यात अर्थ नाही हे तिथल्या तिथे कळतं. मग इयत्ता बाजूला ठेवून दिवसातला काही वेळ पातळीप्रमाणे गट करायचे आणि अडलं तिथूनच शिकवायचं. ही पद्धत आता आफ्रिकेतल्या देशांतही पोचली आहे. निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचण्याचं लक्ष्य आहे. ते गाठायचं तर वाट हीच.

मेळघाटात याही आधीचा एक अडसर आहे. कोरकू ही मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीची बहीण. मराठीशी तिचं नातं नाही. घरी पाण्याला 'डा' म्हणणारं सहा वर्षांचं लेकरू पहिल्या दिवशी 'पाणी' ऐकतं. त्याला वाचता येत नाही असं आपण लिहितो, तेव्हा पुष्कळदा त्याला मराठी येत नाही एवढंच खरं असतं. शिक्षण हक्क कायदा शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवायला सांगतो. पहिली दोन वर्षं कोरकूतून मराठीकडे नेणारा शिक्षक तिथे मिळाला नाही, तर कितीही चाचण्या घ्या, आकडा तोच येणार.

शाळेच्या सर्वांत जवळचा अधिकारी म्हणजे केंद्रप्रमुख. वर्गात बसून शिक्षकाला हात द्यायचा तो त्याने. पण ही पदं वर्षानुवर्षं रिकामी राहिली आणि जे आहेत त्यांचा दिवस माहिती गोळा करून वर पाठवण्यात जातो. ही पदं भरा आणि त्यांच्याकडून कागद काढून घ्या, ही माझी पहिली मागणी आहे.

दुसरी विनंती वाचकांना. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या बाया. या दिवाळीला गावी गेलात तर समितीतल्या माणसांना भेटा. वेचणीच्या दिवसांत कोणती पोरं शाळेत येत नाहीत, त्यांची नावं विचारा आणि त्यांच्या धाकट्या भावंडांना दिवसभर सांभाळायची सोय गावात होते का, ते सुट्टी संपायच्या आत बघा.