चार वाटे मटार

सगळ्या शेंगा एकट्या चिनूपुढे कशाला? चार वाटे करा. हां, आता सोलता सोलता ऐका.

सकाळी स्टेशनवर विचारलंत ना, रूळ पुढे जाऊन भेटतात का? डोळ्याला तसं दिसतं खरं. पण ब्रॉडगेजच्या दोन रुळांत 1676 मिलिमीटर अंतर. पुण्यात तेवढंच, मिरजेतही तेवढंच. म्हणून समांतर.

युक्लिडने सुमारे 2300 वर्षांपूर्वी भूमिती रचली. तिच्यातलं पाचवं गृहीतक या समांतर रेषांचं. ते सिद्ध करायला किती पिढ्या झटल्या, जमलं कुणालाच नाही. 19व्या शतकात बोल्याय आणि लोबाचेव्हस्की यांनी दाखवलं, की ते सोडूनही भूमिती उभी राहते.

ते मोसंबं दे इकडे. ही पृथ्वी. विषुववृत्तावरून दोघं निघाले, एकमेकांपासून एक अंश दूर, म्हणजे 111 किलोमीटर. दोघांचंही नाक सरळ उत्तरेकडे. पुण्याच्या अक्षांशावर अंतर 106 वर आलं. उत्तर ध्रुवावर? टक्कर! डावीउजवीकडे कुणीच वळलं नाही बरं का. वळली ती जमीन.

भाषेतही रूळ असतात. तुमची आजी म्हणते, 'नाव मोठं, लक्षण खोटं'. नावासमोर लक्षण, मोठंसमोर खोटं. आता म्हणून बघा, 'नाव मोठं असलं तरी लक्षण खोटं असू शकतं'. ही काय म्हण झाली? ही तर शाळेची सूचना!

आणि तुम्ही आत्ता करताय ते संगणकाचं समांतर. पुण्यात 1991 साली 'परम 8000' तयार झाला, तो असाच. एकच दांडगा मेंदू नाही, लहान लहान पुष्कळ, कामाचे वाटे करून घेतलेले. पण मेख ऐका. एकट्याने सोलायला 60 मिनिटं, उसळ शिजायला 20. चौघांनी सोललं तर 15 अधिक 20, म्हणजे 35. अख्ख्या चाळीतली पोरं आणून बसवली तरी 20 च्या आत उसळ नाही. शिजण्याचे वाटे कसे करणार? जीन अ‍ॅमडाल नावाच्या संगणक अभियंत्याने 1967 साली हाच हिशेब मांडला, मटार माझे.

चला, वाट्या आणा. एक, दोन, तीन… चिनू, तुझी कुठाय? तिघं केव्हाचे थांबलेत, आजीने फोडणी केलीय, आणि याच्या वाटीत सात दाणे. तोंड उघड बघू.