अंथरूण, पाय आणि पादत्राणे

तंजावरपासून सुमारे १२ किलोमीटर अंतरावर, कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव वसले आहे. कर्नाटक संगीतातील थोर रचनाकार संत त्यागराज (१७६७–१८४७) यांची समाधी येथे आहे. दरवर्षी पौष वद्य पंचमीस त्यांच्या आराधनेसाठी ठिकठिकाणचे गायक-वादक जमतात आणि नामवंत असोत वा नवखे, सारे एकत्र बसून त्यांच्या रचना गातात. तंजावर परिसरातील शाखेत कार्यरत असताना मलाही तेथे जाण्याचा योग आला होता.

त्याच सुमारास शाखेत एक भगिनी आल्या. भोसले राजांच्या काळी तंजावरात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील, तिरुवैयारुच्या रहिवासी. त्यांना १०,००० रुपयांची मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडावयाची होती. कारण विचारले असता त्या संकोचाने म्हणाल्या, “मुलाला बूट घ्यायचे आहेत, साहेब.” मुलगा आठवीत. बुटांची किंमत ९,५०० रुपये. वर्गातील मित्रांकडे तसे बूट आहेत म्हणून तो दोन दिवस रुसून बसला होता.

पालक मित्रहो, हा प्रसंग आज अनेक घरांत घडतो. मुलांचा हट्ट म्हणून तो झटकून टाकणे सोपे आहे. परंतु मित्रांमध्ये आपण कमी ठरू ही मुलाची भीती खोटी नसते. म्हणूनच या प्रश्नाचा शांतपणे विचार व्हावयास हवा.

किंमत कशाची?

स्नीकर हा मुळात रबरी तळव्याचा, खेळासाठी वापरावयाचा बूट. १९८५ मध्ये नायकी कंपनीने बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन यांच्या नावाचा ‘एअर जॉर्डन’ ६५ डॉलरला बाजारात आणला आणि बूट हे पायाच्या संरक्षणाबरोबरच प्रतिष्ठेचेही साधन बनले. अशा बुटाच्या किमतीत साहित्य व मजुरीखेरीज जाहिरात, खेळाडूंचे मानधन, विक्रेत्याचा नफा आणि नावाचे मोल समाविष्ट असते. जो मुलगा नियमित धावतो वा खेळतो, त्याला चांगला बूट अवश्य हवा. मात्र तो पायाला नीट बसणारा असावा. सर्वांत महाग असावा असे नाही.

थोडा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के, तर त्यावरील किमतीच्या पादत्राणांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. म्हणजे ९,५०० रुपयांच्या जोडीत सुमारे १,४५० रुपये कराचेच असतात. २,००० रुपयांच्या जोडीत ते सुमारे ९५ रुपये भरतात. दोन्ही जोड्यांतील फरक ७,५०० रुपयांचा. ही रक्कम वार्षिक ६ टक्के चक्रवाढ व्याजाने गुंतविली असे उदाहरणादाखल धरल्यास, १२ वर्षांत ती सुमारे १५,००० रुपये होते. याउलट वाढत्या वयातील मुलाचा बूट काही महिन्यांतच तोकडा पडतो. शिवाय मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास व्याज कमी मिळते आणि बहुधा दंडही पडतो. हप्त्यांवर बूट घेतल्यास तर हप्ते संपण्यापूर्वीच बूट लहान होण्याची शक्यता अधिक!

मधला मार्ग

त्यागराजांनी राजदरबाराचे निमंत्रण व नजराणे नाकारले आणि धन सुखाचे की ईश्वराचे सान्निध्य सुखाचे, असा प्रश्न आपल्या रचनेतून विचारला, असे परंपरा सांगते. आपण संसारी माणसे. मुलांकडून अशा विरक्तीची अपेक्षा करणे योग्य नव्हे. परंतु हवे ते आणि गरजेचे ते यांतील भेद त्यांना शिकविणे आपल्या हाती आहे. माझ्या मते केवळ नकार देऊन तो शिकविता येत नाही, आणि मुकाट्याने पैसे देऊन तर मुळीच नाही. मुलाला हिशेबात सहभागी करून घ्यावे. गरजेपुरत्या बुटाची रक्कम पालकांनी द्यावी. त्याहून महाग बूट हवा असल्यास वरची रक्कम मुलाने स्वतः साठवावी.

यासाठी बँकेचे साह्य घेता येईल. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ मधील परिपत्रकानुसार, १० वर्षे पूर्ण झालेल्या अज्ञान मुलांना बँका आपल्या धोरणानुसार ठरविलेल्या मर्यादेत बचत व मुदत ठेव खाते स्वतंत्रपणे उघडू व चालवू देऊ शकतात. सणावारी मिळालेले पैसे व खाऊचे पैसे त्यात जमा करता येतात. मोठ्या उद्दिष्टासाठी आवर्ती ठेव उपयुक्त आहे. दरमहा ५०० रुपये भरल्यास २४ महिन्यांत १२,००० रुपये व त्यावरील व्याज हाती येते.

त्या भगिनींनी ठेव मोडली नाही. पुढच्या आठवड्यात त्या मुलाला घेऊन आल्या व त्याचे खाते उघडले. आईने २,००० रुपये देऊ केले. उरलेले त्याने साठवावयाचे ठरले. पाच महिन्यांनी त्याने १,५०० रुपये काढले आणि ३,५०० रुपयांचे बूट घेतले. हवे होते ते बूट आता जुने झाले, असे त्याने मला सांगितले. खात्यात थोडी शिल्लक मात्र त्याने राखून ठेवली होती.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपले पूर्वज सांगत आले. ते अंथरूण केवढे आहे हे मुलांना विश्वासाने दाखविले, तर पाय किती पसरावेत हे ती स्वतःच ठरवू शकतात.