जुनी ट्रॉली घेताना: सांगाड्याविषयीचे गैरसमज

साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात आघाडीवर असलेल्या सोलापूर जिल्ह्यात ऊस वाहणाऱ्या जुन्या ट्रॉल्यांची खरेदी-विक्री नित्याची आहे, आणि तीत ताजा रंग, धड पत्रा व चांगले टायर पाहून भाव ठरवण्याची चूक वारंवार होते. वास्तविक हौद्याचा पत्रा आणि फाळके बदलता येतात. ट्रॉलीचे बळ हूक, त्यामागचा दांडा, चेसिसचे दोन लांब चॅनेल, पाट्यांच्या बैठका आणि एक्सल यांत असते, म्हणून तपासणीची सुरुवात ट्रॉलीखाली वाकूनच व्हायला हवी.

नवा रंग म्हणजे निगा राखल्याची खूण, हा समज धोक्याचा आहे. सांडलेला उसाचा रस आंबून आम्लधर्मी होतो, काळ्या मातीचा चिखल चॅनेलच्या खाचेत ओल धरून ठेवतो, आणि गंज डोळ्यांआड वाढत जातो. रंगाखाली पुट्टीचा जाड थर असेल तिथे लोहचुंबक नीट चिकटत नाही. हातोडीने हलके ठोकल्यावर धड लोखंड खणखणते, तर पोखरलेल्या जागी बद्द आवाज येतो.

सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज असा की वेल्डिंग केलेली जागा मूळच्यापेक्षा मजबूत होते. टाका स्वतः मजबूत असेलही, परंतु उष्णतेने त्याच्या लगतच्या लोखंडाचे गुणधर्म बदलतात, जाडी एकदम बदलल्याने ताण तिथेच एकवटतो, आणि एकाच वेळी मोडू न शकणारा भार पुन्हा पुन्हा पडून भेग हळूहळू वाढते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. म्हणूनच नवी भेग बहुधा टाक्याच्या कडेला सापडते आणि रंगावर उमटलेली बारीक तांबूस रेष तिचा माग देते. भेग मुळापर्यंत घासून, तिच्या टोकाशी छिद्र पाडून, मग भरलेली दुरुस्ती विश्वासार्ह असते. एकावर एक चढवलेल्या पट्ट्या मात्र जुनाच बिघाड परत परत उलटल्याची साक्ष देतात, आणि अशा पट्ट्या हुकाजवळ असतील तर ती ट्रॉली सोडून द्यावी.

टायर एका बाजूने झिजला की दोष हवेचा, असेही सहज म्हटले जाते. दोनचाकी ट्रॉली सपाट जागी उभी करून हुकाच्या मध्यापासून एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतची अंतरे फितीने मोजावीत. ती असमान असतील तर एक्सल सरकलेला किंवा चेसिस तिरपी झालेली असते. रिकामी ट्रॉली सरळ दिसणे पुरेसे नाही, कारण चॅनेलचा झोल आणि मिटलेली भेग भरल्या ट्रॉलीतच उघड होतात. शक्य असल्यास माल भरून, चॅनेललगत दोरी ताणून पाहावे.

कागदपत्रे ट्रॅक्टरची असली की झाले, हा समजही खरा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते. चेसिसवर ठोकलेला क्रमांक नोंदणी पुस्तिकेशी ताडून पाहावा, आणि त्याच्या आसपास घासल्याच्या किंवा टाके घातल्याच्या खुणा असतील तर परिवहन कार्यालयात खात्री केल्याशिवाय विसारही देऊ नये.