आरशांच्या सान्निध्यांत रेणू

पदार्थाचा रंग हा त्याचा स्वभाव, असें आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगितलें. अमुक रेणू अमुक वर्णाचा प्रकाश शोषणार आणि अमुक वेळानें सोडणार. भोंवतीं काय आहे याच्याशीं त्यास कर्तव्य नाहीं. हें सांगणें अपुरें होतें, असें कबूल करणें आम्हांस प्राप्त आहे.

१९४६ सालीं एडवर्ड पर्सेल या अमेरिकन शास्त्रज्ञानें एक छोटेंसें टिपण प्रसिद्ध केलें. त्याचा विषय रेडिओतरंग होता. पण न्याय प्रकाशासही लागू पडतो. उत्तेजित कण आपण होऊन ऊर्जा सोडतो खरा, परंतु ती किती त्वरेनें, हें भोंवतालच्या अवकाशांत त्या तरंगास किती वाटा मोकळ्या आहेत यावर ठरतें. समोरासमोर दोन आरसे अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावर ठेवावे (हिरव्या प्रकाशासाठीं हें अंतर मिलिमीटरचा सुमारें चार हजारावा भाग!), म्हणजे त्या पोकळींत ठराविक तरंगच टिकतात. रेणूचा तरंग त्यांशीं जुळला तर उत्सर्जन त्वरित. न जुळला तर तो ऊर्जा धरून बसतो.

१९७० च्या सुमारास ड्रेक्सहागे यांनीं तर एकाच आरशावर हें दाखविलें. आरशावर स्निग्धाम्लाचे एकेक रेणूच्या जाडीचे थर चढवून वर युरोपियमयुक्त द्रव्य बसविलें. थर वाढवीत नेले, तसतसा प्रकाश मावळण्यास लागणारा काळ कमी होई, वाढे, पुन्हां कमी होई. द्रव्य तेंच, आरसा किती दूर, एवढाच काय तो फरक. आमच्या संस्कृतज्ञ वाचकांस येथें जपाकुसुमाजवळचा स्फटिक आठवेल. पण तेथें स्फटिक पांढराच राहून तांबडा भासतो. येथें रेणूचें वर्तनच खरोखर बदलतें.

पोकळींत रेणूंची गर्दी केली तर याहून नवल. रेणू व पोकळी यांमधील प्रकाशाची देवघेव गळतीहून जलद झाली, कीं शोषणाची एक रेषा दुभंगून दोन होतात. एका दोरीस टांगलेल्या दोन सारख्या लंबकांच्या एका आंदोलनगतीच्या दोन व्हाव्या, तसेंच. सेंद्रिय द्रव्यांत ही फूट शेफील्ड येथें १९९८ सालीं दिसली. २०१२ सालीं स्ट्रासबूर्ग येथील एब्बेसन यांच्या मंडळींनीं अशा पोकळींत एक प्रकाशजन्य रासायनिक क्रिया मंदावल्याचें प्रसिद्ध केलें. पुढें दिवा न लावतां, नुसत्या आरशांनींही क्रिया बदलतात असे दावे आले. त्यांतील कांहीं परिणाम इतर प्रयोगशाळांस मात्र पुन्हां आढळले नाहींत. शेजारचीं मुलें अजून आमच्याकडे शंका घेऊन येतात. त्यांस ड्रेक्सहागे यांचा आरसा आम्ही निःशंकपणें फळ्यावर काढून दाखवितों. या शेवटल्या दाव्यांसाठीं मात्र अद्याप खडू हातीं घेतलेला नाहीं.